गावोगाव सिकलसेल दूत उभे करायचेत, कोणाला घ्यावं आणि ते टिकतील कसे?

पायथ्याची_ताई

नमस्कार मंडळी. आमची एक छोटी संस्था आहे, नंदुरबार जिल्ह्यात तळोदा-अक्कलकुवा पट्ट्यात काम करतो, रजिस्टर ट्रस्ट आहे पण पगारावरची माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच. काम मुख्य सिकलसेलचं, म्हणजे आईबापाकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं. लोकांना तपासणीला आणणं, रिपोर्ट आल्यावर घरी बसून समजावणं, जे एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेले पेशंट आहेत त्यांच्या गोळ्या चालू आहेत का बघणं, दुखणं उठलं की गाडी करून दवाखान्यात पोचवणं.

१ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल मिशन सुरू झालं तेव्हापासून तपासणीचं काम सरकारी बाजूनेच जोरात चाललंय, ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांना तपासायचं आणि २०४७ पर्यंत हा आजार आटोक्यात आणून संपवायचा असं ठरलेलं आहे, त्यामुळे रक्त घ्यायला कोणी येत नाही ही तक्रार आता तेवढी राहिली नाही. अडतंय पुढे. तपासणीच्या निकालाचं कार्ड मिळतं, ते पेटीत जातं, आणि त्यावर काय लिहिलंय हे घरात कोणालाच माहीत नसतं. लग्न जमतं तेव्हा कार्ड कोणी काढत नाही. दोघंही वाहक (स्वतः ठणठणीत, पण आजार मुलात जाऊ शकतो असे) निघाले तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता की बाळ एसएस असेल, हे आम्ही सभेत शंभर वेळा सांगतो पण सभेतून उठून माणूस घरी जातो आणि घरी विचारायला जवळ कोणीच नसतं.

म्हणून असं मनात आहे की प्रत्येक पाड्यावर त्याच पाड्यावरचा एखादा माणूस तयार करायचा, 'सिकलसेल दूत' म्हणू. एका देणगीदारांनी 'ॲम्बॅसिडर प्रोग्राम' या नावाने पैसे द्यायची तयारी दाखवलीय, त्यांच्या बजेटमध्ये टी-शर्ट, टोपी, ओळखपत्र, एक दिवसाचं ट्रेनिंग आणि शेवटी मेळावा असं आहे. आमच्या विश्वस्तांपैकी काहींचं म्हणणं एकदम पन्नास दूत घ्या, आकडा चांगला दिसेल. मला ते पटत नाहीये पण पर्याय काय मांडू ते सुचत नाही.

तर विचारायचंय, माणूस निवडायचा कसा? त्याला मानधन द्यायचं का? त्याने काय बोलावं आणि काय बोलू नये? आमच्याकडे दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो, त्याचं काय करायचं? आणि दूतांकडून देणग्याही गोळा कराव्यात असं एकाने सुचवलंय, ते बरोबर आहे का? ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मी सगळं वाचून विश्वस्तांपुढे ठेवणार आहे.

चोपडा_डोंगरपट्टा

ताई, खूप गरजेचं काम काढलंय तुम्ही. मी चोपडा-यावल बाजूच्या पाड्यांवर स्वयंसेवकांबरोबर काम करून राहिलोय, रक्तदान आणि सिकलसेल दोन्ही, त्यामुळे जे बघितलं ते लिहितो, थोडं लांब होईल.

पहिलं म्हणजे निवड. ग्रामसभेत उभं राहून 'कोण दूत होणार' असं विचारलं की हात वर करणारे ठरलेले असतात, ज्याला पुढे ग्रामपंचायत लढवायचीय तो, किंवा सरपंचाचा भाचा. ही माणसं वाईट असतात असं नाही, पण गावातले अर्धे लोक त्यांच्याकडे जातच नाहीत. आम्ही काय करतो, घरोघर फिरताना बायाबापड्यांना एकच गोष्ट विचारतो, 'रात्री पोराला दुखायला लागलं तर घराबाहेर आधी कोणाला उठवता?' चार-पाच घरांत तेच नाव आलं की आपला दूत तो. मग ती अंगणवाडीची मदतनीस असो, पिठाची गिरणीवाला असो नाहीतर बारावी झालेली सून असो. शिक्षण फार बघू नका. एका पाड्यावर आमच्याकडे जी बाई सगळ्यात चांगलं काम करते तिला वाचता येत नाही, कार्ड तिची पोरगी वाचते, पण तिने सांगितलं आणि घर तपासणीला आलं नाही असं होत नाही.

ज्याच्या घरात पेशंट आहे त्याला जरूर विचारा, मात्र दबाव आणून नाही. एसएस पोराची आई जेव्हा सांगते की थंडीत नदीत अंघोळ नको, पाणी भरपूर प्यायला दे, ताप आला तर सकाळची वाट बघू नको, तेव्हा ते ऐकलं जातं. पण तिच्या घरची गोष्ट चारचौघात सांगायची की नाही हे तिने ठरवायचं. तिला स्टेजवर उभी करून रडवायचं नाही, हे मी हात जोडून सांगतो, हे होताना बघितलंय आणि फार वाईट वाटतं.

दुसरं, दूताला काम काय ते एका दमात सांगता आलं पाहिजे. 'जनजागृती करा' हे काम नाही, त्यातून घरी गेल्यावर उद्या सकाळी काय करायचं तेच कळत नाही. आमच्याकडे तीन कामं ठरलेली आहेत. जिथे लग्नाची बोलणी चाललीत तिथे जाऊन दोघांची तपासणी झालीय का एवढं विचारायचं. पेशंटच्या घरी महिन्यातून एकदा जाऊन गोळ्या आहेत का बघायचं. आणि ताप, छातीत दुखणं, श्वास लागणं, डोळे फार पिवळे होणं, पोट एकदम फुगणं यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही, लगेच फोन आणि गाडी. एवढंच. बाकी कोणी कितीही प्रश्न विचारले तरी 'विचारून सांगतो' म्हणायचं आणि खरंच विचारून सांगायचं.

पन्नासचा आकडा सोडून द्या. तुमची जी पगारी माणसं आहेत त्यातला एक जण महिन्यातून एकदा प्रत्येक दूताच्या घरी जाऊन चहा पिऊ शकतो का, हा हिशेब मांडा, जेवढे बसतात तेवढेच दूत. माझ्या अंदाजाने एका माणसाला आठ-दहाच्या वर झेपत नाहीत, त्यात डोंगरातले रस्ते आणि पावसाळा. विश्वस्तांना हे कागदावर करून दाखवा, 'पन्नास दूत म्हणजे पाच माणसं नुसती फिरायला लागतील', त्यांना लगेच समजेल.

आणि वेळापत्रक आपल्या भागाचं ठेवा. आर्थिक वर्षाप्रमाणे एप्रिल-मार्च धरलं तर एप्रिल-मेमध्ये ट्रेनिंग येतं, तेव्हा माणसं लग्नात असतात नाहीतर अजून गावी पोचलेली नसतात. आमचं ट्रेनिंग पेरण्या उरकल्यावर, श्रावणात कानबाई बसायच्या आधी होतं, तेव्हा सगळे घरी असतात. लग्नाची बोलणी होळीच्या सुमारास जोर धरतात, होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारांना सगळा डोंगर खाली उतरतो, बाहेरगावी गेलेलेही होळीला परत येतात, तो आठवडा दूतांसाठी वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा. काठीच्या होळीला किती लांबून लोक येतात तुम्हाला माहीतच आहे. पुढे आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी येतात, तेव्हा नवीन लग्न झालेल्या पोरींशी बोलायला बरं पडतं, सासरी त्या मोकळं बोलत नाहीत.

नवापूर_सिस्टर

मी आरोग्य खात्यात आहे, एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स. वरच्या भाऊंनी लिहिलंय ते पटलं, मी फक्त माहिती गुप्त ठेवण्याबद्दल आणि चुकीचं बोललं जाऊ नये म्हणून लिहिते, कारण चांगल्या मनाने केलेल्या कामातून इथे मोठं नुकसान होऊ शकतं.

दूताच्या हातात यादी देऊ नका. कोण वाहक, कोण पेशंट, हे नावासकट कागदावर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच जाता कामा नये. आमच्या भागात एका मुलीचं लग्न मोडलं, ती एएस म्हणजे फक्त वाहक होती, तब्येतीने ठणठणीत, आणि मुलाची एचपीएलसी (खात्रीची रक्ततपासणी) पूर्ण नॉर्मल होती. एक वाहक आणि एक नॉर्मल असेल तर बाळ एसएस होत नाही, फार तर वाहक होऊ शकतं. काही धोका नसताना लग्न मोडलं, कारण कोणीतरी चौकात बोललं की 'तिच्यात सिकलसेल आहे'. त्या मुलीने नंतर घराबाहेर पडणंच सोडून दिलं होतं. म्हणून दूताने प्रश्न विचारायचा तो 'तुमचा रिपोर्ट काय' असा नाही, 'तुमचं कार्ड आहे का, दोघांनी एकदा दवाखान्यात येऊन दाखवून घ्या' असा. रिपोर्ट काय आहे आणि लग्न करायचं की नाही, हे बोलणं समुपदेशकाकडे, दार लावून. आणि दोघं वाहक असले तरी लग्न करू नका असा हुकूम कोणी द्यायचा नाही. गरोदरपणात लवकर तपासणी करता येते हे त्यांना माहीत असायला हवं, निर्णय त्यांचा.

तपासणीबद्दल पण दूतांना थोडं नीट शिकवा. गावात जी सोल्युबिलिटी टेस्ट होते ती फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढं दाखवते, वाहक की पेशंट ते सांगत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर ही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, नुकतंच रक्त चढवलेलं असेल तरी निकालावर भरवसा नाही. दूताने घाईत 'पॉझिटिव्ह म्हणजे पोरगं आजारी' म्हटलं तर त्या घरात रडारड होते आणि पुन्हा ते घर तुम्हाला दारात उभं करत नाही. त्यातून सासू सुनेला बोलते, 'तुझ्यामुळे झालं.' म्हणून हे वाक्य प्रत्येक दूताच्या तोंडात बसवा की एसएस बाळाला आई आणि बाप दोघांकडून सिकलसेलचं एकेक जनुक आलेलं असतं. मी तर हे प्रत्येक घरात बोलते, विचारलं नाही तरी बोलते.

भगताकडे, बडव्याकडे जाऊ नका असं दूताने म्हणू नये. तो त्यांच्यातच राहतो, उद्या त्याच्याच घरी बोलावलं जाणार आहे. 'आधी दवाखाना, मग तुम्हाला जिथे जायचं तिथे जा' एवढं पुरतं, आणि काही भगत स्वतः पेशंट पाठवतात, त्यांच्याशी जाऊन बोला.

आशाताईंना विसरू नका ही कळकळीची विनंती. ती बाई आधीच किती कामांखाली दबलेली आहे, तिला कामाप्रमाणे मोबदला मिळतो, आणि बाहेरून कोणी ओळखपत्र गळ्यात घालून आलं की तिला वाटतं आपलं काम काढून घेतलं. पहिल्या मीटिंगला ती समोर पाहिजे, आणि दूताने माणूस शोधला तरी तपासणीला आणल्याची नोंद आशाचीच व्हावी. मग बघा, ती स्वतः दूताला घेऊन फिरते.

अमळनेर_एनएसएस

मी कॉलेजात शिकवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघतो. तुम्ही अजून कॉलेजच्या पोरांकडे बघितलेलं दिसत नाही म्हणून लिहितो. आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे येतात, शहादा, तळोदा, नंदुरबार, धुळ्याच्या कॉलेजांत आणि आदिवासी वसतिगृहांत तुमच्याच पाड्यांवरची पोरं-पोरी शिकायला आहेत. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं, शिवाय सात दिवसांचं शिबिर. हे तास बऱ्याच ठिकाणी रस्ता झाडण्यात आणि फोटो काढण्यात जातात. तुमच्यासारख्या संस्थेने कार्यक्रम अधिकाऱ्याला भेटून नेमकं काम दिलं तर कॉलेजला पण हवंच असतं.

या पोरांची सगळ्यात मोठी जमेची बाजू भाषा. सभेत तुम्ही-आम्ही पुस्तकी मराठीत बोलतो, समोरची आजी मान डोलावते आणि तिच्यापर्यंत काही पोचलेलं नसतं. तीच गोष्ट नात पावरीत सांगते, कोणी देहवालीत, कोणी मावचीत, खाली उतरलं की अहिराणीत, तेव्हा आजी उलट प्रश्न विचारते. उलट प्रश्न आला म्हणजे पोचलं. म्हणून ट्रेनिंग मराठीत देऊन थांबू नका, पोरांना तिथेच आपापल्या भाषेत बोलून दाखवायला लावा. आम्ही एकाला आजी करतो, ती म्हणते 'आमच्या घरात असं काही नाही, निघा', आणि दुसऱ्याने तिच्याशी बोलायचं. पहिल्यांदा सगळे गप्प होतात, तिसऱ्या-चौथ्या वेळी जीभ मोकळी होते. हे एका दिवसाच्या ट्रेनिंगमध्ये होत नाही. अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या चार बैठका घ्या, मध्ये पंधरा-वीस दिवसांचं अंतर ठेवा, म्हणजे मधल्या काळात जे अडलं ते घेऊन पोरं येतात.

काळजी दोन ठिकाणी घ्या. अकरावी-बारावीची पोरं अठराच्या आतली असतात, त्यांना एकटं कोणाच्या घरी पाठवू नका, पालकांचं लेखी पत्र घ्या, मुलींना जोडीनेच पाठवा आणि अंधार पडायच्या आत परत. संस्थेत तक्रार कोणाकडे करायची त्या बाईचं नाव आणि नंबर प्रत्येक मुलीकडे पाहिजे. दुसरं म्हणजे शेवटच्या वर्षाचं पोरगं मे महिन्यात जातं ते जातंच, नोकरीला नाहीतर पुण्या-नाशिकला, यात त्याचा काही दोष नाही. म्हणून प्रत्येकाबरोबर पहिल्या वर्षाचा एक जोडीदार सुरुवातीपासून लावून द्या.

सर्टिफिकेटबद्दल एक सांगतो, 'सक्रिय सहभाग घेतला' असं छापलेलं कोणाच्या उपयोगाचं नसतं. त्या पोराने काय केलं ते लिहा, कोणत्या पाड्यावर, कोणत्या भाषेत, कसलं काम. आदिवासी पट्ट्यातून आलेल्या मुलाला इंटरव्ह्यूला बसल्यावर स्वतःबद्दल बोलायला ते पत्र फार कामी येतं, हे मी डोळ्याने बघितलंय.

पायथ्याची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री जागून वाचलं. 'रात्री कोणाला उठवता' हा प्रश्न तर उद्याच विचारायला सुरुवात करते. सिस्टर, यादीचं तुम्ही लिहिलं ते विश्वस्तांना पहिल्यांदा दाखवणार, कारण ट्रेनिंगच्या दिवशीच व्हॉट्सॲप ग्रुप करायचा असं ठरलेलं होतं.

पैशाचं कोणी सांगेल का? मानधन, देणग्या आणि देणगीदारांना बजेट बदला असं कसं म्हणायचं ते.

धुळे_जमाखर्च

ताई, मी ट्रस्टांचे हिशेब लिहितो, त्या बाजूने सांगतो.

माणशी पैसे लावू नका. 'एक माणूस तपासणीला आणला की इतके रुपये' असं केलं की नावं भरली जातात, एकाच माणसाचं तीनदा रक्त काढलं जातं, आणि दूताच्या बोलण्यातला जीव जातो कारण समोरच्याला कळतं की हा पैशासाठी बोलतोय. खरा झालेला प्रवासखर्च द्या, फोनचं रिचार्ज द्या, आणि ट्रेनिंगला दिवसाची मजुरी बुडत असेल तर तेवढी भरपाई द्या, कारण रोजावर पोट असणाऱ्याला 'सेवा म्हणून ये' म्हणणं न्यायाचं नाही. हे पैसे त्याच आठवड्यात द्या. तीन महिन्यांनी बिल पास झालं की त्या पैशाला काही किंमत राहत नाही. दूताला एक साधं पत्र द्या, त्यात काम काय, कालावधी किती, ही नोकरी नाही आणि कधीही सोडता येईल हे मराठीत लिहिलेलं असावं.

देणग्या दूतांकडून अजिबात नको. एकदा का दूत पैसे मागतो हे झालं की पुढच्या वेळी तो तापाच्या पोराला बघायला आला तरी घर दार लावून घेईल. कोणाला द्यायचंच असेल तर संस्थेच्या खात्याचा क्यूआर, संस्थेचीच नंबर टाकलेली पावती, कोणाच्या खाजगी फोनवर नाही. रोख दोन हजाराच्या वर असेल तर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, हे पण सांगून ठेवा म्हणजे नंतर वाद नको.

डोंगरात मोटरसायकलवर फिरणारी माणसं आहेत म्हणून अजून एक. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती कव्हर देतो, १८ ते ७० वय आणि बँक खातं एवढंच लागतं. प्रत्येक दूताचं ते चालू आहे का बघा, पैसे दरवर्षी जूनच्या आत खात्यातून कटतात, खात्यात शिल्लक नसली की बंद पडतं आणि कोणाला कळत नाही.

देणगीदारांशी सरळ बोला. टी-शर्टऐवजी फिरणाऱ्या माणसाचा वर्षभराचा पेट्रोल खर्च द्या म्हणा, मेळाव्याच्या मंडपाऐवजी चार बैठका. बहुतेक देणारे ऐकतात, त्यांना आधी कोणी सांगितलेलं नसतं एवढंच. ओळखपत्र मात्र ठेवा, दवाखान्यात आत सोडतात.

धडगावची_पावरा

मी आधी एका संस्थेची अशीच दूत होते, नाव लिहीत नाही. दूत सोडून का जातात ते मी सांगू शकते म्हणून लिहितेय.

टी-शर्ट मिळाला, फोटो झाला, मी घरोघरी गेले. लोक ऐकायचे, कारण मी त्यांचीच पोरगी. मग एक मावशी म्हणाली गोळ्या संपल्यात, कधी येतील? मी संस्थेच्या सरांना फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी केला, म्हणाले बघतो. मावशी रोज विहिरीवर भेटायची आणि रोज विचारायची. ती रागावली नव्हती, नुसतं विचारायची. मी विहिरीवर जायची वेळ बदलली. नंतर अजून एका घरी असंच झालं, आणि मग मी काम सोडलं. कोणी विचारलं नाही का सोडलं, पुढच्या मेळाव्याच्या फोटोत दुसरी पोरगी होती. पेशंट त्रासाने हैराण आणि दूत म्हणून गावात नाव माझं खराब, संस्थेचं नाही. संस्था शहाद्याला-नंदुरबारला जाते, मला तिथेच राहायचंय.

आता ज्यांच्याबरोबर काम करते तिथे एक ताई आहे, तिचा एकच नियम, दूताचा फोन आला तर संध्याकाळपर्यंत उत्तर गेलंच पाहिजे, उत्तर 'नाही' असलं तरी. 'गोळ्या या आठवड्यात नाहीत, तुम्ही अमुक ठिकाणी जा' एवढं मला सांगता आलं तरी माझी मान ताठ राहते. आमच्या वरच्या पाड्यांवर रेंज नाही, नर्मदेच्या कडेला तर बोटीने जावं लागतं, म्हणून बाजाराच्या दिवशी ती स्वतः ठरलेल्या दुकानाजवळ बसते आणि आम्ही खाली आलो की भेटतो. ताई, तुम्ही आधी हे ठरवा की दूताचा फोन कोण उचलणार. त्या माणसाचं नाव नक्की झाल्याशिवाय एकही दूत घेऊ नका, माझी खरंच विनंती आहे.

आणि ऊसतोडीचं. सगळे म्हणतात माणसं गेली की काम बंद पडतं. पण पेशंट पण त्यांच्याबरोबरच जातो ना! थंडीत पहाटे उसाच्या फडात उतरतो, पाणी कमी पितो, दुखणं तिथेच उठतं. म्हणून टोळीबरोबर जाणाराच एखादा दूत करा. आमच्या पाड्यावर टोळीतली एक वहिनी आहे, ती जाताना सगळ्यांची कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत बरोबर घेते, घरच्यांनी दिली तरच. मुकादमाचा नंबर आमच्या ताईकडे असतो. मागच्या हंगामात तिथे एका पोराला रात्री छातीत दुखायला लागलं, वहिनीने मुकादमाला उठवून गाडी काढायला लावली, तो आधी म्हणत होता सकाळी बघू. पोरगं वाचलं. ती गावात राहिली असती तर तिथे कोणी बोललं नसतं. दिव्यांग प्रमाणपत्राची माहिती पण दूतांना द्या, २०१६ च्या कायद्यात सिकलसेल आहे, बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळ मिळतो, एसटीची सवलत आहे, या गोष्टी घरात सांगितल्या की लोक दूताला स्वतःहून बोलावतात.

पायथ्याची_ताई

बाई, तुमचं वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही. फोन कोण उचलणार ते विश्वस्तांच्या बैठकीत पहिला विषय म्हणून घेते. सुरुवात आठ पाड्यांपासून करू असं आत्ता वाटतंय, त्यातले दोन दूत टोळीबरोबर जाणारे शोधते. सिस्टर, एक शंका, टोळी निघताना पेशंटला सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतील का?

नवापूर_सिस्टर

ताई, फॉलिक ॲसिडचं एकवेळ ठीक आहे, पण हायड्रॉक्सीयुरिया (दुखणं कमी उठावं म्हणून द्यायची गोळी) असं गठ्ठ्याने द्यायचं नसतं, त्यावर असलेल्या पेशंटचं ठराविक दिवसांनी रक्त तपासावं लागतं, पेशी कमी झाल्या तर डोस बदलावा लागतो किंवा थांबवावा लागतो. आणि बाईला दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर ती गोळी चालत नाही, डॉक्टरांना आधी सांगायलाच पाहिजे. किती दिवसांच्या द्यायच्या ते डॉक्टरच ठरवतील, त्यांना 'पेशंट अमुक महिन्यात निघतोय, अमुक महिन्यात येणार' हे निघायच्या महिनाभर आधी सांगा, दिवाळीच्या आदल्या दिवशी नाही.

पुढचं म्हणजे गुजरातेत सिकलसेलचा सरकारी कार्यक्रम २००६ पासून चालू आहे, सुरत-तापी-नवसारी भागातल्या दवाखान्यांना हा आजार नवीन नाही. टोळी कोणत्या तालुक्यात उतरणार ते मुकादमाकडून आधी काढून घ्या, तिथलं जवळचं सरकारी आरोग्य केंद्र कोणतं ते शोधून त्याचं नाव दूताच्या आणि पेशंटच्या घरच्यांच्या फोनमध्ये घाला. कार्ड आणि शेवटचा रिपोर्ट यांची झेरॉक्स बरोबर द्या, मूळ कागद घरी ठेवा, पालांमध्ये सगळं भिजतं. नवापूरवरून टोळ्यांच्या गाड्या जातात तेव्हा मी ड्युटीवर असतेच, तुमच्या दूतांना माझं नाव सांगून ठेवा, वाटेत काही लागलं तर थांबा म्हणावं.